वाचकांचे प्रश्न : कॉकपिटमधला दुसरा आवाज

गेल्या महिन्यात या सदरात विमानाच्या ब्लॅक बॉक्सविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : यंत्रे इतकी सुधारली असताना वैमानिक चुकतात कसे, आणि शेजारी बसलेला दुसरा वैमानिक ती चूक थांबवत का नाही? बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या भागांतून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. मी वैमानिक नाही. वायुसेनेत विमानांच्या देखभालीवर बरीच वर्षे काढली, त्यातले पहिले धडे आपल्या सांबऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात गिरवले, आणि ही उत्तरे त्या अनुभवाच्या व प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालांच्या आधारे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त दुबईला असतो आणि वर्षातून दोनदा विमानाने ये-जा करतो. कुठे अपघात झाला की दोन दिवसांत 'वैमानिकाची चूक' असे छापून येते. एवढे शिकलेले, हजारो तास विमान चालवलेले लोक चुकतात कसे? हा हलगर्जीपणाच म्हणायचा ना? (एक गृहिणी, निपाणी)

उत्तर : ताई, हलगर्जीपणा हा शब्द जरा बाजूला ठेवू आणि एक जुना अपघात पाहू. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री न्यूयॉर्कहून मायामीला आलेल्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या विमानात पुढचे चाक खाली येऊन पक्के बसल्याची खूण दाखवणारा हिरवा दिवा लागला नाही. त्यामुळे उतरणे रहित करून विमान दोन हजार फुटांवर नेले, ऑटोपायलट लावला आणि कॉकपिटमधले सगळेच त्या दिव्याच्या मागे लागले. दिव्याची डबी काढताना ती अडकली. कॉकपिटमध्ये यंत्रांवर लक्ष ठेवणारा अभियंता (फ्लाइट इंजिनिअर) चाक डोळ्यांनी दिसते का ते पाहायला खालच्या कप्प्यात उतरला. या गडबडीत नियंत्रण दांड्याला धक्का लागून ऑटोपायलटची उंची राखणारी व्यवस्था सुटली आणि विमान, कोणाच्या पोटातले पाणीही न हलता, खाली येऊ लागले. बाहेर दलदलीचा मिट्ट काळोख होता, त्यामुळे जमीन जवळ येते आहे हे दिसण्याची सोय नव्हती. उंची सुटल्याची सूचना देणारी घंटा अभियंत्याच्या जागेपाशी वाजली, पण अभियंता जागेवर नव्हता. विमानातील १७६ जणांपैकी १०१ जण गेले. चाक मुळात व्यवस्थित खाली आलेले होते; जळाले होते ते फक्त दिव्याचे बल्ब.

यात कोणी आळस केला नव्हता. उलट सगळ्यांनी एकाच कामात अति मन घातले आणि त्या चार मिनिटांत विमान कोण सांभाळतो आहे, हे पाहायला कोणी मोकळे राहिले नाही.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेले सांगतो. एका तळावर मी एका विमानाचे काम संपवून वहीत सही केली होती. मे महिन्याची दुपार होती, पत्र्याच्या हँगरमध्ये भट्टीसारखी धग होती, आणि काम अर्ध्यावर असताना मला मध्येच दुसरीकडे बोलावणे आले होते. आमच्याकडे भिंतीवर हत्यारांचा फळा असे. प्रत्येक पान्याच्या, पकडीच्या आकाराची आकृती त्यावर रंगवलेली असे, म्हणजे एखादे हत्यार परत आले नाही की तिथला रंग उघडा दिसे. मी त्या फळ्याकडे पाहिले, आणि मला सगळे जागेवर दिसले, कारण तसेच दिसायला हवे होते. युनिटमध्ये येऊन दोन महिनेही न झालेला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, दहा नंबरचा पाना फळ्यावर नाही." त्याचा आवाज कापत होता. विमान बाहेर काढण्याची तयारी चालू होती, ती थांबवली. पाना मागच्या चाकाच्या कप्प्यात, नळीच्या वर आडवा पडलेला सापडला. अकरा वर्षे मी हेच काम करत होतो. थकवा, कामात आलेला खंड आणि हातवळणी पडलेल्या कामाबद्दलचा भरवसा या तीन गोष्टी एकत्र आल्या की निष्णात माणसाची नजरसुद्धा समोरच्या रिकाम्या जागेवरून निसटते. म्हणून चौकशी अहवालात 'मानवी चूक' हे शब्द आले की खरी चौकशी तिथून सुरू होते : ती चूक त्या माणसाला त्या क्षणी बरोबर का वाटली, आणि ती दुसऱ्या कोणाच्या लक्षात आली असेल तर त्याचे पुढे काय झाले?

प्रश्न : २०१० चा मंगळूरचा अपघात आपल्याच राज्यातला म्हणून लक्षात राहिला. सहवैमानिकाला धोका कळला होता, असे तेव्हा वाचले होते. मग त्याने विमान आपल्या हातात का घेतले नाही? मी शाळेत आयुष्यभर मुलांना 'मोठ्यांना उलट बोलू नये' असे शिकवले. त्याचा याच्याशी काही संबंध असेल काय, हा विचार मनातून जात नाही. (एक निवृत्त शिक्षक, खानापूर)

उत्तर : गुरुजी, तुमचा प्रश्न या साऱ्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे निसटून दरीत कोसळले. विमानात १६६ जण होते, त्यांपैकी केवळ ८ वाचले. मुख्य वैमानिकाला दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता, सहवैमानिकाला साडेतीन हजारांहून अधिक तासांचा. म्हणजे सहवैमानिकही नवशिका नव्हता. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात बराच काळ संभाषणच नाही, कारण मुख्य वैमानिक प्रवासाच्या मोठ्या भागात झोपलेला होता. गाढ झोपेतून उठल्यावर माणूस जागा दिसतो, बोलतो, पण त्याची निर्णयशक्ती काही काळ मंद असते, आणि चौकशी समितीने ही गोष्ट अपघाताला हातभार लावणारी म्हणून नोंदवली आहे. त्यात मंगळूरचे रडार बंद असल्याने खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा, म्हणजे विमानतळ अधिक जवळ आल्यावर मिळाली. विमान योग्य उंचीपेक्षा फारच वर राहिले, ते घाईने खाली आणावे लागले, आणि सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर ते जवळजवळ ५,२०० फूट आत जाऊन टेकले.

असे बिघडलेले उतरणे सोडून देऊन पुन्हा वर जायचे आणि नव्याने फेरी मारून यायचे, याला 'गो अराउंड' म्हणतात. त्यात कमीपणा काही नाही. थोडे इंधन आणि दहा-पंधरा मिनिटे जातात, एवढेच. सहवैमानिकाने 'गो अराउंड' असे तीन वेळा सांगितल्याचे अहवालात नमूद आहे. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्रही ओरडत होते. तरीही उतरणे चालूच राहिले. समितीने अपघाताचे थेट कारण म्हणून मुख्य वैमानिकाचा हा हट्ट नोंदवला, पण त्याबरोबर आणखी एक वाक्य लिहिले, आणि ते मला फार मोलाचे वाटते : सहवैमानिकाने स्वतः गो अराउंड करावे की नाही, याविषयीच्या सूचनांत संदिग्धता होती, आणि बहुधा त्यामुळेच तो सांगत राहिला, पण विमान त्याने हातात घेतले नाही.

म्हणजे त्याच्याजवळ माहिती होती, तोंडही उघडले होते. त्यापुढची पायरी ओलांडण्याचा अधिकार आपल्याला आहे, याची खात्री त्याला कोणी दिलेली नव्हती. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळीकोडला भर पावसात तसेच घडले. धावपट्टी तशीच डोंगरमाथ्यावरची. विमान तिच्या जवळजवळ मध्यावर टेकले. दुसऱ्या वैमानिकाची गो अराउंडची सूचना मानली गेली नाही, आणि त्याने नियंत्रण हाती घेतले नाही. दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. मंगळूरचा अहवाल छापून झालेला असताना हे घडावे, याचे मला आजही दुःख होते.

तुमच्या शिकवणुकीविषयी लिहितो. वडीलधाऱ्यांचा मान राखणे आणि त्यांना धोका न सांगणे या दोन गोष्टी एक नव्हेत, पण आपल्या बोलण्यात त्या सहज मिसळतात. साहेबांना 'तुम्ही चुकता आहात' असे म्हणायचे धाडस होत नाही, म्हणून आपण 'सर, जरा वर वाटतंय का?' असे विचारतो. विचारणाऱ्याने मनातला धोका सांगितलेला असतो, ऐकणाऱ्याला मात्र नुसती शंका ऐकू येते. हे केवळ आपल्याकडचे आहे असे समजू नका. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फवृष्टीत निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या विमानात सहवैमानिकाला यंत्रावरचे आकडे चुकीचे वाटत होते, त्याने ते बोलूनही दाखवले, पण थांबा असे म्हटले नाही, आणि मुख्य वैमानिकाने धाव चालू ठेवली. ते विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत पडले. अमेरिकेसारख्या मोकळ्या समाजातही जिभेला हाच लगाम होता.

यावर उपाय आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे जाणाऱ्या बसमध्ये धुक्यात कंडक्टरने एक बेल दिली की ड्रायव्हर आधी ब्रेक दाबतो आणि मग मान वळवून विचारतो. ड्रायव्हर तीस वर्षांचा जुना आणि कंडक्टर कालचा पोरगा असला, तरी एका बेलचा अर्थ बदलत नाही, आणि ती दिल्याबद्दल उद्धटपणाचा ठपकाही कोणी ठेवत नाही. 'गो अराउंड' या दोन शब्दांना कॉकपिटमध्ये त्या बेलची किंमत यायला हवी. वर्गातल्या मुलांनाही, फळ्यावरचे गणित चुकले तर हात वर करून सांगायचे, एवढे शिकवले तर मोठ्यांचा मान कुठेही उणावत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे विमानक्षेत्रात जाण्याचा विचार आहे. 'सीआरएम' हा शब्द सारखा कानावर पडतो. त्यात प्रत्यक्ष काय शिकवतात? एकमेकांशी नीट बोला, एवढेच असेल तर त्याला प्रशिक्षण कशाला हवे? (एक विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे विमानातील सर्व माणसे, यंत्रे आणि माहिती यांचा मेळ घालून काम करण्याची शिस्त. हिचा जन्म एका अपघातातून झाला. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलँडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे विमान चाकांच्या बिघाडाच्या शंकेमुळे सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. मुख्य वैमानिक प्रवाशांना सुरक्षित बाहेर काढण्याची तयारी अतिशय काळजीने करत होता. इंधन उतरत चालले होते, सहकाऱ्यांना ते दिसत होते, त्यांनी त्याचे आकडेही सांगितले. पण 'आता उतरलेच पाहिजे' असे ठामपणे कोणी म्हटले नाही. अखेरीस इंजिने एकामागून एक बंद पडली आणि विमान वस्तीत कोसळले. १८९ जणांपैकी १० जण गेले. पुढच्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी असे प्रशिक्षण सुरू केले. पुढे ते जगभर सक्तीचे झाले.

प्रशिक्षण यासाठी हवे की संकटाच्या वेळी माणूस विचार करून शब्द जुळवू शकत नाही. जे सवयीचे असते तेच तोंडातून येते. म्हणून सवय आधी लावतात. एक वैमानिक विमान चालवतो आणि दुसरा फक्त त्याच्यावर, यंत्रांवर आणि बाहेर लक्ष ठेवतो, ही वाटणी उड्डाणापूर्वीच ठरते. कोणत्याही फेरीत सहवैमानिक चालवणारा आणि कॅप्टन लक्ष ठेवणारा असू शकतो. ठरलेल्या उंचीला, ठरलेल्या वेगाला कोणी कोणते शब्द उच्चारायचे हे लिहिलेले असते. शंका मांडायची तीही एका क्रमाने : आधी हाक, मग काय दिसते, मग काय करावे. 'कॅप्टन, वेग कमी पडतो आहे, गो अराउंड करा.' यात 'मला वाटते' नाही, 'जरा' नाही. दोनदा सांगूनही योग्य प्रतिसाद आला नाही तर नियंत्रण हाती घ्यायचे, असेही अनेक कंपन्यांत शिकवतात. दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त एकही शब्द बोलायचा नाही, हा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये झाला, कारण त्याआधी शार्लटला १९७४ मध्ये वैमानिक उतरताना राजकारण आणि जुन्या गाड्या यांच्या गप्पांत होते आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडले.

पण या प्रशिक्षणाचा अर्धा भाग कॅप्टनसाठी आहे, आणि तो मला अधिक अवघड वाटतो. कनिष्ठाला बोलायला शिकवणे सोपे. आपल्याला थांबवणाऱ्याचा राग येऊ न देणे कठीण. चांगला कॅप्टन उड्डाणापूर्वीच सांगतो की आज मी काही चुकलो तर लगेच बोला. याचे फळ काय मिळते ते १९ जुलै १९८९ रोजी दिसले. युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचे शेपटीतले इंजिन फुटले आणि त्याच्या तुकड्यांनी पंख-शेपटीचे भाग तेलाच्या दाबाने हलवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. म्हणजे ना पंख वळवता येत होते, ना शेपूट. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या डेनिस फिच नावाच्या प्रशिक्षक वैमानिकाला पुढे बोलावून घेतले. फिच दोन इंजिनांचे दांडे कमी-जास्त करून विमान वळवत राहिले, बाकीचे तिघे वाचन, रेडिओ आणि निर्णय वाटून घेत राहिले, आणि ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत पोचले. ते मोडले, पेटले, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी पुढे आयुष्यभर या यशाचे श्रेय स्वतःकडे न घेता सीआरएमला दिले.

प्रश्न : आमच्या दुकानात दिवसभर मराठी, कानडी, हिंदी, कोकणी असे सगळे चालते. गिऱ्हाईक 'कायी' म्हणते तेव्हा त्याला नारळ हवा असतो, आणि दुकानातला नवा पोरगा ते 'काय?' समजून त्यालाच उलट विचारत बसतो. विमानात तर देशोदेशीचे वैमानिक. भाषेमुळे अपघात झाले आहेत का? (एक किराणा व्यापारी, शहापूर)

उत्तर : झाले आहेत, आणि इतिहासातील सर्वांत मोठ्या विमान अपघाताला भाषेचाही पदर आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएम या डच कंपनीचे विमान एका टोकाला उड्डाणासाठी उभे होते आणि पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे त्याच पट्टीवरून समोरून चालत येत होते. केएलएमच्या सहवैमानिकाने रेडिओवर इंग्रजीत जे म्हटले त्याचा अर्थ 'आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत' असाही होत होता आणि 'आम्ही उड्डाण करत आहोत' असाही. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला आणि 'ओके' म्हणून पुढे 'थांबा, मी सांगतो' असे जोडले. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमनेही 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' असे कळवले, आणि दोन आवाज एकमेकांवर पडून केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा कर्कश आवाज तेवढा आला. 'ओके' मात्र स्वच्छ ऐकू गेले होते.

तरीही एक संधी उरली होती. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने पुढच्या बोलण्याचा धागा पकडून, पॅन ॲम अजून पट्टीवरून बाजूला झालेले नाही काय, असे विचारले. कॅप्टन त्या कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक होता. शेजारच्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षाही त्यानेच घेतलेली होती. त्याने ठासून 'झाले आहे' असे उत्तर दिले. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. ५८३ माणसे गेली.

त्यानंतर शब्द बांधून घेण्यात आले. आज 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असतो. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. नुसते 'ओके' चालत नाही, मिळालेली सूचना वैमानिकाने पूर्ण उच्चारून परत सांगायची असते. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्यू पावले, तेव्हाही कझाक विमानातील इंग्रजीचे तोकडे ज्ञान आणि आपसांतील विस्कळीत कारभार पुढे आला होता. नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा, विमान चालवणारा वेगळा, आणि ऑपरेटरच्या समोर स्वतःचे उंचीमापक यंत्रही नव्हते. तुमच्या दुकानात पोरगा पुन्हा विचारतो ही तुमच्या दृष्टीने खोळंब्याची गोष्ट असेल, पण विमानतळावर मी त्याला शाबासकी दिली असती.

प्रश्न : प्रवाशाला खिडकीतून काही वेगळे दिसले तर त्याने बोलावे का? लोक अडाणी समजतील या भीतीने आम्ही गप्प बसतो. (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : जरूर बोलावे. ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या विमानाच्या डाव्या इंजिनाचे पाते तुटले. कॉकपिटमध्ये धूर आला, विमान थरथरू लागले आणि वैमानिकांनी घाईत उजवे, म्हणजे चांगले इंजिन बंद केले. योगायोगाने थरथर कमी झाली, त्यामुळे आपण बरोबर केले अशी त्यांची समजूत झाली. कॅप्टनने ध्वनिवर्धकावरून उजवे इंजिन बंद केल्याचे जाहीर केले. मागे बसलेल्या कित्येक प्रवाशांना डाव्या इंजिनातून ठिणग्या दिसल्या होत्या, काही कर्मचाऱ्यांनाही दिसल्या होत्या. हे उलटे कसे, असे लोकांना वाटले. पण वैमानिकांना आपल्यापेक्षा अधिक कळते असे समजून कोणी ते पुढे पोचवले नाही. केगवर्थ गावाजवळ विमान पडले आणि ४७ जण गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅनडात ड्रायडन येथे पंखांवर बर्फ साचलेले असताना विमानाने उड्डाण केले. ते बर्फ हवाईसुंदरीला दिसले होते. इतकेच काय, प्रवासी म्हणून बसलेल्या दोन वैमानिकांनाही दिसले होते. २४ जण त्यात गेले.

आता केबिनमधील कर्मचाऱ्यांनाही वैमानिकांबरोबर हे प्रशिक्षण असते. तुम्ही पट्टा सोडून उठू नका, बटण दाबा आणि मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत काय दिसले तेवढे सांगा. त्याचा अर्थ लावणे त्यांचे काम आहे.

प्रश्न : सांबऱ्याला उतरणारे विमान आमच्या शेतावरून जाते. दोन वैमानिक एकच जेवण जेवत नाहीत, हे खरे का? (इयत्ता आठवीचा विद्यार्थी, मुतगे)

उत्तर : हो, अनेक कंपन्यांत तशी पद्धत आहे. अन्नातून विषबाधा झाली तर दोघेही एकदम आजारी पडू नयेत, यासाठी.

प्रश्न : १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर समाजमाध्यमांवर वैमानिकांवर आरोप झाले. आपले मत काय? (एक वकील, हुक्केरी)

उत्तर : त्या अपघातात जमिनीवरच्या माणसांसह २६० जीव गेले आणि महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. प्राथमिक अहवाल हा हाती आलेल्या नोंदींचा गोषवारा असतो, कारण ठरवण्याचा कागद नसतो. त्यातील कॉकपिटमधल्या संभाषणाच्या एक-दोन वाक्यांवरून लोकांनी मृत माणसांवर निकाल दिला, हे मला अत्यंत क्लेशकारक वाटले. आपण वकील आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो : आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या करारातील तेराव्या परिशिष्टात अशा चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणे हा नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. फौजदारी तपासापासून ही चौकशी वेगळी ठेवण्यामागे कारण आहे. शिक्षेच्या भीतीने माणसे गप्प बसली तर वर लिहिलेल्या अपघातांपैकी निम्म्यांतले सत्यही आपल्या हाती लागले नसते.

प्रश्न : मी शस्त्रक्रिया विभागात काम करते. कॉकपिटमधले वर्णन वाचले की आमचीच खोली डोळ्यांसमोर येते. विमानातली ही पद्धत आमच्याकडे चालेल का? (एक परिचारिका, बेळगाव)

उत्तर : चालते, आणि ती आलेलीही आहे. विमानातील चेकलिस्टचा उगम १९३५ चा. बोइंगचे एक नवे बॉम्बर विमान ३० ऑक्टोबरला डेटन येथे अनुभवी वैमानिकाच्या हातून पडले, कारण जमिनीवर असताना शेपटीचे भाग जखडून ठेवणारी कडी काढायची राहिली होती. त्यातून उड्डाणापूर्वी वाचून तपासायची यादी निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली, ती याच धर्तीवर. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद देण्यापूर्वी आणि रुग्णाला खोलीबाहेर नेण्यापूर्वी सगळ्यांनी थांबायचे आणि मोठ्याने बोलून खात्री करायची, अशी तिची रचना आहे.

त्यातला एक मुद्दा वरवर औपचारिक वाटतो : छेद देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. तो गाळू नका. ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे, त्याला पुढे अडचणीच्या वेळी बोलणे सोपे जाते. आणि शेवटी बोळे व हत्यारे मोजताना आकडा जुळला नाही, तर 'डॉक्टर, एक कमी वाटतोय का?' असे विचारू नका. 'डॉक्टर, थांबा. दहा दिले होते, नऊ आले आहेत,' असे म्हणा. ते ऐकून सर्जन टाके घालायचे थांबतात की नाहीत, यावरून तुम्हाला तुमच्या खोलीची परीक्षा करता येईल. आणि ते थांबत नसतील, तर ही गोष्ट त्या टेबलापाशी न सोडता विभागप्रमुखांकडे लेखी द्या.